ओठाच्या कोपऱ्यातलं दुखणं

कडेगावात माझं ब्युटी पार्लर आहे. एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. दिवसभर मी बायकांच्या तोंडाकडे बघते आणि त्या माझ्या. भुवया कोरताना माझं तोंड गिऱ्हाइकाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. अशा धंद्यातल्या बाईच्या ओठावर फोड आला की ती काय करते? मास्क लावते आणि विचारलं की सर्दी झालीय म्हणून सांगते.

हे लिहायला बसले तेव्हा माझी धाकटी जाऊ रूपाली म्हणाली, "ताई, लिवा, पण नाव घालू नका." माझं नाव घातलेलं नाही. एवढी लाज अजून शिल्लक आहे.

कुणाला वाटेल, ओठावरच्या फोडाचं एवढं काय? कॅन्सर नाही, हार्ट नाही. मलाही तसंच वाटायचं. त्या फोडापायी माझा डावा डोळा जाता जाता राहिला आणि घरात चार माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देईनाशी झाली, म्हणून लिहिते आहे.

चुना, काव आणि टूथपेस्ट

आधी चुणचुण होते. ओठाच्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला, मुंगी चावल्यासारखी. मग तिथं जागा ताठते, गरम लागते. दुसऱ्या दिवशी आरशात बघावं तर पाण्यानं भरलेले बारीक दाणे, एकाला एक चिकटून. ते फुटतात, ओलावतात, वर पिवळी खपली धरते. हसलं की खपली फाटते, रक्त येतं. पार्लरवाल्या बाईला न हसून कसं चालेल?

आमच्याकडं याला 'ताप उतला' म्हणतात. अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडला, म्हणजे चांगलंच झालं, असा हिशेब. कुणी म्हणतं कोळी मुतला. लहानपणी मला हे यायचं, तेव्हा आई चुन्याचं बोट लावायची, खपली पडायची, विषय संपायचा. लग्नानंतर मध्ये बरीच वर्षं काही नव्हतं. मग मुलगा झाला, पार्लर सुरू केलं, उन्हातान्हात लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागले आणि पुन्हा सुरू झालं. दर उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यातही.

माझे मालक सैन्यात हवालदार आहेत. ते सुट्टीवर यायचे त्याच सुमाराला नेमका फोड यायचा. आता कळतं की ते येणार म्हटल्यावर घर आवरणं, पाहुणे, जागरणं, पार्लरचा पसारा, सगळं एकदम अंगावर यायचं आणि शरीर थकायचं. पण गल्लीतल्या बायकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. तो माझ्या कानावर यायला वेळ लागला.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी एकदा मला गावाबाहेरच्या एका माणसाकडं नेलं. तो नागिणीवर काव लावतो. काव म्हणजे ती लाल माती, कुंडीला लावतात ती. त्यानं काहीतरी पुटपुटत माझ्या ओठाभोवती बोटानं कावेचं कडं काढलं आणि सांगितलं, पुसायचं नाही. दुसऱ्या दिवशी तशीच पार्लरमध्ये बसले. कॉलेजातल्या दोन पोरी आयब्रो करायला आल्या, दारातूनच एकमेकींकडं बघून ओठ दाबून हसल्या आणि "उद्या येतो, ताई" म्हणून गेल्या. मी संडासात जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच थोडा वेळ थांबले.

त्याशिवाय तुरटी झाली, साजूक तूप झालं, कोरफड झाली, टूथपेस्ट झाली. टूथपेस्ट लावल्यावर जी आग होते तिला मी औषध समजायचे. जितकी आग जास्त तितकं औषध भारी, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आणि सगळ्यावर लिपस्टिक. गडद मरून. त्या रंगाखाली खपली दिसत नाही, फक्त ओठ जरा सुजल्यासारखा वाटतो. माझी लिपस्टिक मी वेगळी ठेवायचे, गिऱ्हाइकाला माझ्या सामानातलं काही कधी लावलं नाही. पण हे मी कुणाला सांगणार आणि कोण विश्वास ठेवणार?

साताऱ्याचा हॉल

त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका मुलीचं लग्न साताऱ्याला होतं. मुलगा शिरवळच्या कारखान्यात, म्हणून दोघांच्या मध्यावर हॉल घेतलेला. नवरीचा मेकअप माझ्याकडं. वऱ्हाडाच्याच गाडीतून मी गेले. आदल्या दिवशीपासून ओठावर दाणे उठलेले. ऑर्डर सोडायला हवी होती असं आता वाटतं, पण ऐन वेळी नवरीला कुणाच्या हाती द्यायचं? मास्क लावला, हात सॅनिटायझरनं धुतले, कामाला लागले.

हॉलच्या वरच्या खोलीत पंखा होता, पण तो गरम हवाच फिरवत होता. नवरीचा बेस झाला, डोळे झाले. मास्क घामानं ओला होऊन ओठाला चिकटला आणि फोड ठणकायला लागला. श्वास घ्यायला म्हणून मी खिडकीकडं तोंड करून मास्क खाली ओढला. तेवढ्यात नवरीची आत्या साडीच्या पिना मागायला आत आली.

"आगं बया! ह्ये काय हाय तुझ्या तोंडाला?"

"ताप उतलाय, काकू."

"ताप? मला शिकवू नगंस. आमच्या शेजारच्या डायव्हरच्या बायकूला असंच आलतं. तिच्या नवऱ्यानं आणलतं भाईरनं." मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुझा मालक फौजंत हाय न्हवं?"

खोलीत सात-आठ बायका होत्या. नवरी आरशातून माझ्याकडं बघत होती, अर्ध्या रंगवलेल्या तोंडानं. तिला माझी कीव आली होती का भीती वाटली होती, मला कळलं नाही.

"सर बाजूला," नवरीची आत्या म्हणाली. "पोरीच्या तोंडाला हात लावू नगंस. आज तिचं लगीन हाय."

मी ब्रश पुसले, डबा मिटवला. नवरीच्या बहिणीनं तिला लिपस्टिक लावली. मी जिन्यानं खाली आले. निघून जावं म्हटलं तर यायची-जायची गाडी वऱ्हाडाचीच. हॉलमागे गाड्या लावल्या होत्या तिथं एका कट्ट्यावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. आत मंगलाष्टका झाल्या, पंगती उठल्या. एक वाढपी येऊन विचारून गेला, "ताई, जेवला न्हाईसा?" मी म्हटलं, उपास आहे. परत जाताना गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली. पुढं तिघी दाटीवाटीनं बसल्या, पण माझ्याशेजारी कुणी आलं नाही.

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "कसं झालं लगीन?" मी म्हटलं, चांगलं झालं.

मेडिकलची ट्यूब

दुसऱ्या दिवशी मी ओढणीनं तोंड बांधून मेडिकलमध्ये गेले. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभी राहिले. मग हळूच म्हटलं, "तोंडावरच्या फोडाला काहीतरी स्ट्राँग द्या." त्यानं माझ्याकडं न बघताच एक ट्यूब पुढं केली. "सगळ्यावर चालते. खाज, गजकर्ण, डाग, फोड."

लावली. पहिल्यांदा जादूच झाली. लाली गेली, ठणका कमी झाला. मला वाटलं, इतकी वर्षं चुना लावत बसलो आपण! मी दिवसातून तीन-चारदा लावायला लागले, ओठाला, नाकाच्या बाजूला, जिथं जिथं चुणचुण वाटेल तिथं. मग एका सकाळी उठले तर दाणे ओठावरून गालावर चढले होते. आणखी ट्यूब लावली. पुढं डावा डोळा खुपायला लागला, वाळूचा कण गेल्यासारखा. लाल झाला, पाणी गळायला लागलं, उजेड सोसेना. पार्लरची ट्यूबलाईट लावली की डोळा आपोआप मिटायचा.

आत्या म्हणाल्या, "डोळं आल्यात. दुधाची घडी ठेव." ठेवली. मोबाईलवर मुलाचा फोटो बघायला गेले आणि उजवा डोळा हातानं झाकला, तर मुलाचं तोंड धुक्यात होतं. तेव्हा मात्र मी आईला फोन केला. आई माधवनगरला राहते, सांगलीच्या अलीकडं. वडील तिथल्या गिरणीत होते. ती एवढंच म्हणाली, "पहिली गाडी धर आणि ये."

निळा उजेड

आईनं मला सांगलीला नेलं. डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध टाकलं, हनुवटी मशीनवर ठेवायला लावली आणि निळा उजेड पाडला. बराच वेळ बघत राहिल्या. माझ्यामागं आई उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"ओठावर हे कधीपासून आहे?"

मी सांगितलं.

"काय लावलंत?"

मी पर्समधून ट्यूब काढून दिली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि ट्यूब टेबलावर पालथी ठेवली. "यात स्टेरॉईड आहे. या आजारात हे लावणं म्हणजे चुलीत रॉकेल ओतणं. कुणी दिलं?"

"मेडिकलमधनं घेतली."

"बुबुळावर जखम झाली आहे. वाळक्या फांदीसारखी रेघ उमटलीय. ओठावर आहे तोच विषाणू. बोटानं गेला की आतूनच डोळ्यात उतरला ते सांगता येणार नाही. मध्यभागी गेली असती तर नजर गेली असती. आत्ता आलात ते बरं केलंत."

आणि त्यांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. हर्पिस. डोळ्यात घालायचं मलम लिहून दिलं, दिवसातून पाचदा, गोळ्या दिल्या, आणि कातडीच्या डॉक्टरांनाही दाखवून या म्हणाल्या.

आई औषधं आणायला गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून उजव्या डोळ्यानं मोबाईलवर ते नाव शोधलं. नको होतं शोधायला. वर जे आलं ते सगळं लैंगिक रोगांबद्दल होतं. फोटो तर असे की मी मोबाईल मांडीवर पालथा टाकला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी बघितलं की काय म्हणून माझे कान तापले. साताऱ्याच्या त्या बाईचे शब्द कानात वाजायला लागले. म्हणजे ती खरं बोलत होती? 'ताप उतला' म्हणायचो तोवर मी साधी आजारी बाई होते. नाव कळल्याबरोबर मी वाईट बाई झाले, नाहीतर वाईट माणसाची बायको.

एक फोन

आईच्या घरी मी पडद्याआडच्या खोलीत झोपून असायचे. आईला मी साताऱ्याच्या हॉलचं सगळं सांगून टाकलं होतं. ती घड्याळ बघून मलम घालायची. ते घातलं की सगळं तुपातून बघितल्यासारखं दिसायचं. माझा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज बदललेला. मुलगा कडेगावात आत्यांजवळ होता. तो फोनवर विचारायचा, "आई, तुझा डोळा फुटला का?" मी म्हणायचे, "न्हाई रं बाळा, पुसायला दिलाय."

एका दुपारी आई दळण आणायला गेलेली असताना मालकांचा फोन आला. मी ठरवलं की विचारायचं. मनात ठेवून मी सडले असते.

"डॉक्टरांनी नाव सांगितलंय रोगाचं," मी म्हटलं. "मी मोबाईलवर वाचलं. एक इचारू का?"

"इचार की."

"तुमी कुठं भाईर... कुणाकडं गेलता का?"

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. ते कुठंतरी उघड्यावर उभे असावेत.

"न्हाई," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "डोळ्याचं काय म्हणल्या बाई?"

"वाचंल म्हणल्या."

"मलम टायमाला घाल." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. एरवी रोज येणारा. मी केला तर बंद लागायचा. त्या आठवड्यात डोळा सुधारत होता आणि मी मनानं खचत होते. ज्या माणसानं वर्षातून दोनदा घरी यायचं, त्याला मी हे विचारलं होतं. न विचारून काय केलं असतं, तेही कळत नव्हतं. आईनं ओळखलं. ती मुगाची खिचडी करून ताटाशी बसून राहायची, मी खाईपर्यंत.

मुक्यानं जातं

फेरतपासणीच्या दिवशी सकाळी दारात बूट वाजले. मालक सुट्टी काढून थेट सांगलीला उतरले होते. आईला नमस्कार केला, मला म्हणाले, "चल. मीबी येतो."

डोळ्याची जखम भरत आली होती. तिथून आम्ही कातडीच्या डॉक्टरांकडं गेलो. तिघंही आत गेलो. मालकांनी खुर्चीत बसल्या बसल्या, सरळ, कवायतीतल्यासारखं विचारलं, "डॉक्टर, ह्यो रोग माझ्यापासनं तिला झालाय का?"

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. डॉक्टर तरुणच होते, पण गडबडले नाहीत. "तुमच्या ओठावर असं कधी आलंय?"

"न्हाई."

"यांच्या कधीपासून?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "लहानपणापासनं की. दरसाल परीक्षा आली की उतायचा. मलाबी यायचा, माझ्या आईलाबी."

"मग झालं तर. ओठांवरचा हा बहुतेकांना लहानपणीच होतो. घरातलं मोठं माणूस बाळाचा मुका घेतं, त्याच्या ओठावर फोड असतो, त्यातून जातो. मग जन्मभर शिरेत झोपून राहतो. ऊन, ताप, दगदग झाली की उठतो. कमरेची नागीण म्हणता ना, तिची ही चुलत बहीण समजा. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुठं आला?"

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच आईकडं लक्ष गेलं. तिचं तोंड उतरलं होतं.

"मंजी माझ्याकनंच गेलं व्हय पोरीला? डोळ्यापतोर?"

"आजी, तुम्हाला तुमच्या आईकडून आलं असेल. मुक्यानं जातं ते. प्रेमानं घेतलेल्या मुक्याची कसली चूक?"

पण आई बाहेर येऊन पदरानं ओठ पुसत राहिली, जणू अजून तिथं काहीतरी होतं. लाज अशी हातोहात फिरत होती. नवऱ्यावर टाकली ती माझ्यावर आली, माझ्यावरून आईवर. मी तिचा हात धरला. म्हटलं, "आई, तू मुका घेतला नसतास तर मला जास्त वाईट वाटलं असतं." ती रडता रडता हसली.

तिला रिक्षात बसवून दिल्यावर आम्ही दोघं रसवंतीत बसलो. मालक ग्लासकडं बघत म्हणाले, "मला राग न्हवता आला. लाज वाटली. त्याच दिशी तुझ्या आईंनी फोन करून त्या साताऱ्याच्या हॉलचं सांगितलं मला. तू गाड्यांजवळ उपाशी बसून ऱ्हायलीस, आन मला त्याचा पत्ताच न्हाई. फोनवर काय बोलावं कळंना, म्हणून बंद ठेवला."

फोन बंद ठेवल्याचं मला फार लागलं होतं आणि ते एका ग्लास रसानं जाणार नव्हतं. पण ते आले होते, आणि परक्या माणसासमोर आधी स्वतःवर बोट ठेवलं होतं. ते मी विसरणार नाही.

आता काय करते

ज्यांना हे येतं त्यांच्यासाठी थोडं लिहिते. मी डॉक्टर नाही, मला सांगितलेलं सांगते.

ओठासाठी डॉक्टरांनी वेगळं मलम दिलं. ते चुणचुण सुरू झाली की लगेच लावायचं. खपली धरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा नुसतं व्हॅसलीन, खपली फाटू नये म्हणून. बोटानं न लावता कापसाच्या काडीनं लावायचं, काडी टाकून द्यायची, हात साबणानं धुवायचे, तो हात डोळ्याला न्यायचा नाही. चुना, टूथपेस्ट, काव यांनी कातडी भाजते, बाकी काही होत नाही. आणि 'सगळ्यावर चालणारी' ट्यूब घेऊ नका. डोळा लाल झाला तर दुधाच्या घड्या ठेवत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फोड असेल त्या दिवशी मी गिऱ्हाइकाच्या तोंडाचं काम घेत नाही. आधी सर्दी सांगायचे. आता फोन करून म्हणते, "ओठावर उठलंय, खपली पडल्यावर या." काहीजणी परत आल्या नाहीत. पहिल्यांदा असं खरं बोलले तेव्हा पार्लरचं दार लावून घेतलं होतं. अजूनही आवाज खाली जातोच.

बारसं

दिवाळीनंतर रूपालीला मुलगी झाली. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, एवढ्या कोवळ्या बाळाला हा आजार जिवावर बेतू शकतो. मी रूपालीला सांगून ठेवलं होतं, बाकी कुणाला सांगायचं धाडस झालं नाही. मुक्याला नाही म्हणायचं म्हणजे घरादाराशी वैर.

बारशाला बायकांनी घर भरलं होतं. पाळणा सजवलेला, घुगऱ्यांची परात मध्ये. माझ्या चुलत सासूबाई आल्या. सगळं गाव त्यांना जिजी म्हणतं. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, तोंडानं तिखट. त्यांनी बाळाला उचललं, तोंडाजवळ नेलं आणि मला त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात ओली खपली दिसली.

"जिजी, थांबा. मुका घेऊ नका."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. गाणं थांबलं.

"का गं?"

"तुमच्या ओठावर फोड हाय."

"ताप उतलाय. मग?"

आत्या मागून दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप बस की." पण आता गप बसून चालणार नव्हतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं. "जिजी, तेच माझ्या ओठावर येतं. त्याच्यानंच माझा डोळा जाणार हुता. मुक्यानं बाळाला जातं. मोठ्याला फोड येतो, बाळाचा जीव जाऊ शकतो."

कुणीतरी खुसकन हसलं. रूपालीनं पुढं होऊन बाळ काढून घेतलं. जिजींचे हात तसेच, रिकामे, हवेत राहिले. त्यांनी पदर तोंडाला लावला, चपला घातल्या आणि घुगऱ्या न घेताच निघून गेल्या.

बाळाला काही झालं नाही. आता ती घरभर रांगते. पण त्या दिवशी आत्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला अन्न गोड लागलं नाही. साताऱ्यात माझ्यावर जी वेळ आली तीच मी एका म्हाताऱ्या बाईवर आणली होती, तिच्याच घराण्याच्या बायकांपुढं. बाळासाठी ते करायला हवं होतं, याबद्दल शंका नव्हती. तरी लाज वाटत राहिली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

जिजींच्या अंगणात

दुसऱ्या दिवशी दुपारी घुगऱ्यांचा डबा आणि व्हॅसलीनची डबी घेऊन मी जिजींकडं गेले. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून तोंड फिरवलं. मी समोर बसले आणि शेंगा फोडायला लागले. शेजारचं सूप निम्मं भरलं.

मग त्याच म्हणाल्या, तोंड तिकडं ठेवूनच, "चारचौघांत माझ्या तोंडाकडं बोट केलंस."

"व्हय जिजी. चुकलं म्हणत न्हाई, पण तुमाला लागलं ते कळतंय मला."

"तुला काय कळायचं?" त्यांनी शेंग जोरात फोडली. "मी नवी नवरी हुते. घरातल्या बरणीतलं तूप कुणीतरी संपवलं. सासूनं सगळ्या सुनांस्नी इचारलं. मी न्हाई म्हणलं. आन दुसऱ्या दिशी माझ्या ओठावर ह्यो फोड. सासू म्हणली, बघा, देवानं तोंडावर दावलं. खोटं बोलतीया म्हणून तोंड फुटलं. चुन्याचं बोट लावायची आन म्हणायची, खरं बोल. दर खेपंला. फोड आला की, आज काय खोटं बोललीस गं?"

"तूप तुमी खाल्लं न्हवतं?"

"न्हाई गं. मला तूप आवडतच न्हाई." त्या थांबल्या. "पर इतक्यांदा इचारलं की मलाच वाटाया लागलं, खाल्लं असंल. झोपंत खाल्लं असंल."

पन्नास वर्षांहून जुनी ती बरणी त्यांच्या डोळ्यांसमोर तशीच होती. मी डॉक्टरांनी सांगितलं तेच त्यांना सांगितलं, त्यांच्या भाषेत. बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसत नाही. लहानपणी आईच्या, आजीच्या मुक्यातून येतो. शिरेत झोपतो. ऊन लागलं, धसका बसला की उठतो. सासूनं सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, तुम्ही घाबरला, म्हणून तो त्या दिवशी उठला असेल.

जिजींनी पहिल्यांदा माझ्याकडं तोंड केलं.

"मंजी खोट्याचा न्हाई त्यो?"

"न्हाई."

"देवाचाबी न्हाई?"

"न्हाई जिजी. रोग हाय. साधा रोग."

"रोगच हाय न्हवं? नीट सांग."

"रोगच हाय."

त्यांनी मांडीवरची टरफलं झाडली. मग पदरानं ओठ टिपला, हनुवटी वर केली, डोळे मिटले आणि तोंड माझ्यापुढं धरलं.

"मग लाव काय लावायचं त्ये," त्या म्हणाल्या. "माझ्या आईनं लय मुकं घेतलं असत्यात माझं."